पडद्यावरचा चार्ली आणि पेपरातला चार्ली

प्रश्न थोडक्यात असा: एका पुरवणीने तुम्हाला एका लोकप्रिय नटावर रोजची कॉमिक स्ट्रिप काढायला सांगितलं आहे. मूकपटांच्या काळात अमेरिकेत चार्ली चॅप्लिनवर अशी स्ट्रिप निघायची आणि ती पुढे 'पॉपाय'वाल्या सेगरने काढली, असं तुमच्या वाचनात आलं. मग ती आज कोणाला आठवत का नाही, परवानगी कोणाची होती, आणि त्या अनुभवातून आपण काय घ्यावं?

आधी सरळ उत्तर देतो. स्ट्रिप होती. सेगरने काढली हेही खरं. परवानगी होती, पण ती चॅप्लिन तेव्हा जिच्याकडे नोकरीला होता त्या चित्रपट कंपनीची. आणि कोणाला आठवत नाही, कारण ती फारशी चांगली नव्हती. मी सेगरचा जुना भक्त आहे, रोज चार चौकटी भरण्यात माझीही उमर गेली, तरी हे असंच लिहावं लागतं. ती का जमली नाही हे मात्र नीट पाहण्यासारखं आहे, कारण तुमच्यासमोरही तोच पेच येणार आहे.

चॅप्लिन पडद्यावर आला फेब्रुवारी १९१४ मध्ये. ढगळ पँट, आवळलेला कोट, गोल हॅट, छडी आणि मोठाले बूट हा वेषही त्याच महिन्यात लोकांनी पाहिला. किस्टोन कंपनी त्याला आठवड्याला १५० डॉलर देत होती. वर्षभरात एसने कंपनीने त्याला १,२५० डॉलरवर उचललं. १९१५ साली त्याच्या बाहुल्या, त्याच्यावरची गाणी, त्याच्यासारखं चालून दाखवायच्या स्पर्धा असा सगळा बाजार उभा राहिला. एसनेचं ठाणं शिकागोत होतं. चॅप्लिनने तिथे एक चित्रपट केला, तिथली थंडी आणि तिथला स्टुडिओ दोन्ही त्याला मानवले नाहीत आणि तो कॅलिफोर्नियाला परतला. पण स्ट्रिप जन्मली ती शिकागोतच, 'शिकागो हेरल्ड'मध्ये.

या पेपराचा मालक जेम्स कीली. त्याच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण स्ट्रिपच्या इतिहासात चित्रकारांची नावं राहतात आणि ज्याने जागा दिली तो विसरला जातो. कीली आधी 'शिकागो ट्रिब्यून'चा सर्वेसर्वा व्यवस्थापक होता. १९१३ च्या अखेरीस ट्रिब्यूनने सेलिग या चित्रपट कंपनीशी हातमिळवणी केली होती. एक साहसकथा थिएटरात भागाभागांनी दाखवायची आणि तीच गोष्ट पेपरात क्रमशः छापायची. पेपराचा खप वाढला, थिएटरंही भरली. सिनेमा बघणारा माणूस पेपर विकत घेतो हे कीलीला तिथे कळलं. १९१४ मध्ये ट्रिब्यून सोडून त्याने दोन पेपर घेतले, ते एकत्र करून 'हेरल्ड' काढला आणि आपल्याच जुन्या पेपराशी झुंज मांडली. एवढं समजलं की १९१५ मध्ये त्याच पेपरात 'चार्ली चॅप्लिन्स कॉमिक केपर्स' का सुरू झालं हे वेगळं सांगावं लागत नाही. चित्रकलेची हौस त्यात दुय्यम होती, खपाचं गणित पहिलं. तुमच्या पुरवणीचंही असंच असेल, त्यात वाईट काही नाही, फक्त ते माहीत असावं.

पहिला चित्रकार स्टुअर्ट कॅरदर्स. तरुण होता. त्याच वर्षी शिकागोतल्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो वारला. मग मध्ये आणखी हात फिरले आणि १९१६ मध्ये मालिका आली एल्झी सेगरकडे. वय एकवीस.

सेगर इलिनॉयमधल्या चेस्टर या गावचा. तिथल्या ऑपेरा हाऊसमध्ये तो सिनेमाचं मशीन चालवायचा, वेळ पडली तर ढोल वाजवायचा. पोस्टाने चालणारा व्यंगचित्रांचा एक अभ्यासक्रम त्याने नोकरी सांभाळून रात्री जागून पुरा केला आणि शिकागो गाठलं. तिथे 'यलो किड' या गाजलेल्या कॉमिकचा जनक रिचर्ड आउटकॉल्ट याने त्याला हात दिला आणि हेरल्डचं दार उघडून दिलं. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं मशीनच्या खिडकीतून सिनेमा पाहिला, त्याच्याच हातात सिनेमाच्या सर्वांत मोठ्या नटाची स्ट्रिप आली. कागदावर योग जुळलेला दिसतो. पण चित्रं पाहिली की हिरमोड होतो.

का होतो ते सांगतो. साम्य आणणं ही इथली अडचण नव्हतीच. चॅप्लिन काढायला सोपा, खरं तर जगातला सर्वांत सोपा नट. हॅट, मिशीचा ठिपका, छडी, बाहेर वळलेले बूट, झालं. पाठमोरा काढा, नुसती सावली काढा, पोरसुद्धा ओळखेल. देखण्या माणसाचं साम्य आणताना आमच्या लोकांचा जीव जातो, कारण देखण्या चेहऱ्यात पकडायला काही नसतं. त्याच काळात मेरी पिकफर्ड चॅप्लिनच्या तोडीची लोकप्रिय होती, पण पेपरांनी तिचा उपयोग केला तो रोजच्या सदरासाठी. 'डेली टॉक्स' नावाच्या त्या सदरावर नाव तिचं असे आणि लिहायची फ्रान्सिस मॅरियन ही पटकथालेखिका. चित्रमालिकेसाठी कोणता नट निवडावा याचं उत्तर यातच आहे: ज्याची आकृती दुरून ओळखू येते तो.

अडचण होती वेळेची. चॅप्लिनचा विनोद घडायला काही सेकंद लागतात. तो लाथ मारतो त्यात गंमत थोडी असते. लाथ मारून झाल्यावर तो क्षणभर थांबतो, टोपी सारखी करतो, समोरच्याला अदबीने नमस्कार करतो आणि मग कोपऱ्यावरून एका पायावर वळून पळतो, त्यात खरी गंमत. कागदावर लाथ म्हणजे हवेत गेलेला एक पाय आणि शेजारी दोन-चार रेघा. चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचकाने जे स्वतः भरायचं असतं तेच चॅप्लिनचं सगळं भांडवल. मोठ्या चित्रकाराला ते वाचकाकडून भरून घेता येतं. एकविशीतल्या, पोस्टाने शिकलेल्या सेगरला ते अजून येत नव्हतं. त्या मालिकेतली माणसं ताठ उभी असतात, नाहीतर उताणी पडलेली असतात. मधलं काही नाही.

मग रिकामी जागा भरायची कशाने? बोलण्याने. पेपरातला चार्ली बोलतो! फुगे भरभरून बोलतो, टोमणे मारतो, शब्दांवर कोट्या करतो. पडद्यावर चॅप्लिन खऱ्या अर्थाने संवाद बोलला तो १९४० मध्ये. त्याच्या पाव शतक आधी शिकागोच्या पेपरात तो चुरूचुरू बोलत होता. त्याच्या गप्प बसण्यातच ज्याची जादू होती त्या माणसाला रोज सकाळी कोणीतरी वाचा फोडत होतं. सोबतीला लूक नावाचा ठेंगणा जोडीदारही दिलेला, कारण बोलायला समोर कोणीतरी लागतंच. एकदा हे केलं की हॅट आणि मिशीच्या आत चॅप्लिन उरत नाही. उरतो कोणत्याही स्ट्रिपमधला कोणताही गडी, चॅप्लिनचे कपडे घातलेला. माझ्या मते ती स्ट्रिप विस्मरणात गेली याचं कारण हेच, चित्रकलेचा कच्चेपणा नंतर.

परवानगीबद्दल. १९१७ मध्ये शिकागोच्या डोनोह्यू या प्रकाशकाने या मालिकेचे संग्रह मोठ्या आकाराच्या पातळ पुस्तकांत काढले. आज लोकांना ही स्ट्रिप माहीत आहे ती बहुतेक त्यांच्यामुळे. त्यावर हक्क कीलीचे आणि एसने कंपनीशी खास व्यवस्था असा उल्लेख आहे. गंमत पहा, चॅप्लिन एसने सोडून १९१६ च्या सुरुवातीला म्युच्युअल या दुसऱ्या कंपनीकडे गेला होता, वर्षाला ६,७०,००० डॉलरच्या करारावर. पण कागदावरचा चार्ली एसनेच्याच नावाने १९१७ पर्यंत चालत राहिला. तो वेष नेमका कोणाच्या मालकीचा याची तेव्हा कोणालाच स्पष्टता नव्हती. पडद्यावर बिली वेस्टसारखे नकलाकार बिनदिक्कत तोच वेष घालून पोट भरत होते. पुढे चॅप्लिनने 'चार्ली अॅप्लिन' हे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या चार्ल्स अमाडोर या नकलाकाराला कोर्टात खेचलं आणि १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टात निकाल चॅप्लिनच्या बाजूने कायम झाला. तोवर स्ट्रिप बंद पडून दहा-अकरा वर्षं झाली होती.

हाच चार्ली इंग्लंडात मात्र टिकला, आणि तोही जवळजवळ तीन दशकं. 'द फनी वंडर' या अर्ध्या पेनीच्या साप्ताहिकात ऑगस्ट १९१५ पासून बर्टी ब्राउन चॅप्लिन काढू लागला तो १९४० च्या दशकापर्यंत. हे साप्ताहिक रोजचा पेपर नव्हे, मुलांचं कॉमिक होतं. पण ते काढणारी अमॅल्गमेटेड प्रेस म्हणजे 'डेली मेल'वाल्या हार्म्सवर्थ घराण्याचीच, म्हणून त्याला या गोष्टीतून वगळता येत नाही. ब्राउनच्या यशाची कारणं मला दोन दिसतात. एक, त्याला दिवसाला चार चौकटी नव्हे, आठवड्याला लांबलचक पान मिळायचं, म्हणून धावपळ पसरायला जागा होती. दोन, इंग्रजी कॉमिकमध्ये प्रत्येक चित्राखाली छापील मजकूर असायचा. आज ती पद्धत जुनाट वाटते, पण चित्राखालच्या त्या ओळी मूकपटातल्या पाट्यांसारखं काम करत. गोष्ट खालचा मजकूर पुढे न्यायचा आणि चित्राला नुसतं पळायला मोकळीक मिळायची.

त्याच प्रेसने १७ जानेवारी १९२० रोजी 'फिल्म फन' काढलं. आख्खं साप्ताहिक नटांच्या चित्रकथांचं. विनोदी नट ओळीने उभे करायचे, प्रत्येकाला एक पान. १९३० पासून त्यात जॉर्ज विल्यम वेकफील्डने लॉरेल-हार्डी काढले. त्याच्या पश्चात मुलगा टेरी काढत राहिला. साप्ताहिक १९६२ पर्यंत चाललं. वेकफील्डची पानं मिळाली तर जरूर पहा. जाड्या-बारक्याची जोडी कागदासाठी चॅप्लिनपेक्षा सोयीची, कारण विनोद दोघांच्या आकारातल्या फरकात आहे आणि आकार एका चौकटीतही दिसतो, त्याला वेळ लागत नाही. फ्रान्समध्ये राउल थोमेनही 'शार्लो' या नावाने चॅप्लिन काढायचा. तो प्रवाह निराळा, इथे त्यात शिरत नाही.

आता अमेरिकेत परत येतो, कारण खरी कलाटणी तिथे आहे. १९१८ च्या सुमारास एड व्हीलन नावाच्या चित्रकाराने बड्या पेपरमालक हर्स्टच्या पेपरांत 'मिजेट मूव्हीज' सुरू केलं. त्याने कोणाही खऱ्या नटाला हात लावला नाही. उचलला तो सिनेमाचा साचा: श्रेयनामावली, नायक-नायिका-खलनायक, जवळून घेतलेले चेहरे, भडक प्रसंग, 'पुढील भाग उद्या'. पुढे 'मिनिट मूव्हीज' या नावाने त्याने आपल्या काल्पनिक नटांचा कायमचा संचच केला. डिक डेअर नायक, हेझेल डिअर नायिका, राल्फ मॅक्स्नीअर खलनायक. दर नव्या 'चित्रपटात' तेच नट वेगळ्या भूमिकेत! वाचक हळूहळू डिक डेअरचे चाहते झाले, जो कधीच अस्तित्वात नव्हता. मला ही कल्पना त्या काळातली सर्वांत हुशार कल्पना वाटते. स्टारचा मोह पुरा होतो आणि कुठल्या स्टारच्या कंपनीला विचारावंही लागत नाही.

व्हीलन हर्स्टकडून बाहेर पडत होता तेव्हा तशीच काहीतरी दुसरी मालिका हवी म्हणून काम कोणाला मिळालं? सेगरला. हेरल्ड १९१८ मध्ये हर्स्टच्याच पेपरात विलीन झाला होता, सेगर हर्स्टच्या सायंदैनिकात सिनेमा-नाटकांवर चित्रं काढत होता, तिथल्या संपादकांनी त्याला न्यूयॉर्कला धाडलं. १९ डिसेंबर १९१९ रोजी 'थिंबल थिएटर' सुरू झालं. सुरुवातीला तेही सिनेमा-नाटकांची टर उडवणारंच होतं. ऑलिव्ह ऑइल, तिचा मित्र हॅम ग्रेव्ही आणि एक खलनायक, रोज एक छोटा खेळ. पण हळूहळू सेगरने पडद्याची टर सोडली आणि माणसांच्या स्वभावांवर गोष्टी रचायला लागला. ऑलिव्हचा भाऊ कॅस्टर ऑइल आला, गोष्टी आठवडेच्या आठवडे लांबू लागल्या. १७ जानेवारी १९२९ रोजी, म्हणजे मालिकेची नऊ वर्षं उलटल्यावर, जहाज चालवायला माणूस हवा म्हणून कॅस्टर बंदरावर जातो आणि एका डोळ्याच्या खलाश्याला विचारतो, तू खलाशी आहेस का? खलाशी उलट विचारतो, मग काय मी गुराखी दिसतो? तो पॉपाय.

कॉमिक केपर्स आणि पॉपायची पानं शेजारी ठेवून बघा. एकाच माणसाचा हात आहे हे पटत नाही. पॉपाय ठोसा मारतो तेव्हा त्याच्या आधीची शांतता दिसते, नंतरचा कंटाळा दिसतो. चॅप्लिनच्या बाबतीत जी वेळ सेगरला धरता आली नव्हती ती आता त्याच्या हातात आहे. आणि त्याच मालिकेतला, हॅम्बर्गरवर जगणारा विम्पी? तो चेस्टरच्या ऑपेरा हाऊसच्या मालकावर बेतला असं तिथे मानतात. थोडक्यात, नटाचा वेष उसना घेऊन जे साधलं नाही ते गावातल्या ओळखीच्या माणसांकडे परत गेल्यावर साधलं. १९३३ मध्ये फ्लायशर स्टुडिओने पॉपायला पडद्यावर नेलं. सिनेमाच्या स्टारला पेपरात आणायला निघालेल्या चित्रकाराने शेवटी पेपरातला स्टार सिनेमाला दिला. आपल्याकडे 'चिंटू'चा प्रवासही पेपराकडून पडद्याकडे झाला, २०१२ मध्ये. ही उलटी वाट मला नेहमीच जास्त खात्रीची वाटते.

मध्ये एक वळण राहिलं. चॅप्लिनला वेळेसकट पकडणारे लोक होते, पण ते स्ट्रिपवाले नव्हते, अॅनिमेशनवाले होते. पॅट सलिव्हनच्या स्टुडिओत ऑटो मेस्मरने चॅप्लिनची कार्टूनं केली, त्यासाठी चॅप्लिनच्या हालचाली बारकाईने अभ्यासल्या, आणि तीच देहबोली पुढे फेलिक्स या मांजरात उतरवली. फेलिक्स १९२३ पासून पेपरात आला. डिस्नेनेही मिकीमागे चॅप्लिनची प्रेरणा असल्याचं सांगितलं आहे. मिकीची स्ट्रिप १३ जानेवारी १९३० ला सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून फ्लॉइड गॉटफ्रेडसनने ती १९७५ पर्यंत काढली. या दोघांचा फायदा उघड आहे. हे सिनेमाचे स्टार मुळातच रेघांचे बनलेले. पडद्यावरून कागदावर येताना त्यांचं काही सांडत नाही.

खऱ्या नट्यांच्या बाबतीत पेच वाढतच गेला. 'डिक्सी डुगन' (१९२९) या मालिकेची नायिका लुईस ब्रुक्स या नटीवरून घेतलेली, तोच कापलेल्या केसांचा काळा टोप, पण नाव वेगळं, म्हणून ती अनेक दशकं निर्धास्त चालली. बेटी बूप या कार्टूनपटांतल्या नायिकेवरून मात्र गायिका-नटी हेलन केन कोर्टात गेली, माझी नक्कल केली म्हणून. १९३४ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला, आणि त्याच वर्षी बड काउनिहनच्या हातून बेटी पेपरात आली, हॉलीवूडची नटी म्हणून. खरी नटी कोर्टात हरली आणि रेघांची नटी पेपरात स्टार झाली!

आपल्याकडचं उदाहरण पेपराचं नाही, पण तुमच्या कामाचं आहे. १९८३ मध्ये इंडिया बुक हाऊसच्या स्टार कॉमिक्सने अमिताभ बच्चनला 'सुप्रीमो' केलं. चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची, सल्ला गुलजारांचा. मुळीकांच्या रेघेबद्दल मी काही बोलावं अशी माझी पात्रता नाही. पण तिथेही पहा, नटाला गॉगल आणि पोशाख देऊन आकृतीत बसवावं लागलं, आणि बोलायला सोबत विजय आणि अँथनी ही दोन पोरं द्यावी लागली, नावं त्याच्याच भूमिकांवरून. सुमारे दोन वर्षांत मालिका थांबली.

तर तुमच्याबद्दल. नटाचा चेहरा सोडा आणि त्याची आकृती शोधा. पाठमोऱ्या सावलीत तो ओळखू येत नसेल तर रोज चार चौकटींत तुम्ही घाम गाळाल आणि वाचक खाली छापलेलं नाव वाचून ओळखेल. त्याचे गाजलेले संवाद फुग्यात भरू नका. त्याचं हशा पिकवणारं नेमकं काय आहे, उच्चार, थांबणं, चाल की अंगाची ठेवण, हे एकदा लिहून काढा. उच्चार किंवा थांबणं असेल तर पुरवणीला स्पष्ट सांगा की रोजच्या स्ट्रिपपेक्षा रविवारचं अर्धं पान द्या. चाल किंवा ठेवण असेल तर चार चौकटी पुरतील.

दुसरं, करार. परवानगी नटाची आहे की त्याच्या निर्मितीसंस्थेची, आणि ती सोडून तो गेला तर स्ट्रिपचं काय, हे आधी लिहून घ्या. आणि त्याच्या आजूबाजूला जी माणसं तुम्ही स्वतः जन्माला घालाल, शेजारी, पानवाला, भाचा, कुत्रा, त्यांच्यावर तुमचं नाव राहील असं कलम मागा. पॉपाय सेगरच्या डोक्यातून आला, पण हक्क हर्स्टच्या किंग फीचर्स या स्ट्रिप पुरवणाऱ्या कंपनीकडे राहिले. १९३८ मध्ये सेगर ४३ व्या वर्षी गेला, आणि पॉपाय दुसऱ्यांच्या हातून तसाच पुढे चालू राहिला. पुरवणीवाले हे कलम मान्य करायला कां-कूं करतील. पहिले सहा महिने मानधन थोडं कमी घ्या, पण कलम सोडू नका.